पदवी नसलेला रत्नपारखी

आपल्या हॉस्टेलमध्ये ग्रहांची किती चलती आहे हे बघायचं असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांची बोटं बघा. तर्जनीत पिवळा खडा दिसला की तो गुरूसाठी पुष्कराज, मधल्या बोटात निळा दिसला की शनीसाठी नीलम, अनामिकेत माणिक नाहीतर पोवळं. एम-थ्री निघावा म्हणून मोती घालणारे महाभागही आपल्यातच आहेत. हल्ली त्यात बर्थस्टोनची भर पडली आहे. बहिणीच्या, मैत्रिणीच्या वाढदिवसाला काय द्यायचं, तर तिच्या जन्ममहिन्याचा खडा! राशीचा असो की महिन्याचा, सगळे एकच प्रश्न विचारतात: मला कुठला खडा लागू पडेल? हातात आलेला खडा मुळात आहे तरी काय, हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मी सिव्हिलचा विद्यार्थी. सेकंड इयरला आम्हाला इंजिनिअरिंग जिऑलॉजी असतं. टाल्कपासून हिऱ्यापर्यंतची मोह्जची काठिण्य मोजपट्टी आम्ही व्हायवापुरती पाठ करतो आणि जर्नल सबमिट झालं की विसरतो. त्या विषयाच्या निमित्ताने इकडचं तिकडचं वाचताना मला एक माणूस सापडला. हे दोन्ही प्रश्न त्याने आयुष्यभर विचारले आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कधी चिकटवलं नाही. त्याचं नाव जॉर्ज फ्रेडरिक कुंझ. रत्नांच्या दुनियेत हे नाव माहीत नसलेला माणूस विरळा, पण आपल्याकडे ते फारसं ऐकू येत नाही. म्हणून हा खटाटोप.

बोगद्यातला खजिना

कुंझचा जन्म २९ सप्टेंबर १८५६ चा, न्यूयॉर्कचा. बालपण गेलं नदीपलीकडच्या होबोकेन गावात. लहान असताना एका संग्रहालयात त्याने खनिजं पाहिली आणि तेव्हापासून दगड गोळा करायचा नाद लागला. त्याचं नशीब असं की गावाजवळच्या बर्गन हिलच्या टेकडीत त्या काळात रेल्वेच्या बोगद्यांसाठी सुरुंग लागत होते. काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी, काचेसारखे स्फटिक बाहेर पडत. कामगारांच्या लेखी तो राडारोडा होता, जॉर्जच्या लेखी खजिना.

आपल्याला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. तो खडक आपल्या दख्खनच्या बेसाल्टचाच भाऊबंद, आणि त्यातली झिओलाइटं आपल्याकडे वाघोलीच्या खाणींत, जळगाव आणि नाशिकच्या बाजूलाही मिळतात. जगभरच्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट मांडलेले असतात आणि आपण मात्र ट्रिपला जाताना त्याच खडकावर बसून वडापाव खातो.

जॉर्जने गोळा केलेलं सगळं नीट ओळखून, नाव लिहून ठेवलं. नमुन्यांची देवाणघेवाण करण्यासाठी देशोदेशीच्या लोकांशी पत्रव्यवहार केला. विशीपर्यंत त्याच्याकडे चार हजारांवर नमुने जमले आणि ते त्याने मिनेसोटा विद्यापीठाला ४०० डॉलरला विकले. ज्या मुलाने स्वतः कुठलीही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती, त्याच्या संग्रहावर विद्यापीठातली मुलं शिकणार होती! शिक्षणाच्या नावाखाली तो कूपर युनियन या मोफत शिकवणाऱ्या संस्थेत काही काळ गेला, पण पदवीपर्यंत पोहोचला नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठाने मानद एम.ए. आणि जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आपल्यातल्या के.टी.वाल्यांनी यातून भलता अर्थ मात्र काढू नये. पदवी नसली तरी त्याचा अभ्यास पदवीवाल्यांपेक्षा जास्त होता.

एका टुरमलीनची गोष्ट

१८७६ च्या सुमारास हा तरुण कागदात गुंडाळलेला एक टुरमलीन घेऊन चार्ल्स लुईस टिफनी यांच्याकडे गेला. टिफनी हे न्यूयॉर्कचे सर्वांत बडे जवाहिरे. त्या काळी भारी रत्नं म्हणजे हिरा, माणिक, पाचू, नीलम आणि मोती. बाकीचं सगळं हलकं. टुरमलीनला बड्या दुकानात कोण विचारणार? पण टिफनींनी तो खडा विकत घेतला, आणि १८७९ मध्ये त्या पोरालाही नोकरीवर घेतलं. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं, कुंझसाहेब तिथेच होते आणि कंपनीचे उपाध्यक्ष झाले.

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत १८७७ मध्ये सापडलेला २८७.४२ कॅरटचा पिवळा हिरा टिफनींनी १८,००० डॉलरला घेतला होता. तो पॅरिसमध्ये कापला गेला आणि त्यावर देखरेख केल्याचं श्रेय कंपनी कुंझना देते. कापल्यावर तो उरला १२८.५४ कॅरट. म्हणजे निम्म्याहून जास्त हिऱ्याची भुकटी झाली! पण ८२ पैलू पडल्यावर त्याच्यातून जो उजेड फाकला, त्याने टिफनी कंपनीचं नाव जगभर केलं. वजन राखायचं की तेज आणायचं, हा निर्णय हिरा कापायच्या आधी घ्यावा लागतो. डिझाइनमध्ये ट्रेड-ऑफ म्हणतात तो हाच.

कुंझ यांचं मोठं काम मात्र वेगळं आहे. हलक्या म्हणून बाजूला टाकलेल्या खड्यांना त्यांनी मान मिळवून दिला. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्यांनी अमेरिकेच्या मातीतल्या रत्नांचा संग्रह उभा केला. तो बँकर जे. पी. मॉर्गन यांनी विकत घेऊन न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाला देऊन टाकला. १८९५ च्या सुमारास मोंटाना राज्यात सोनं शोधणाऱ्या जेक हूवर नावाच्या माणसाच्या चाळणीत निळे खडे अडकू लागले. त्यांनी ते सिगारच्या डब्यात भरले आणि तो डबा फिरत फिरत कुंझ यांच्या टेबलावर आला. कुंझ यांनी तपासून सांगितलं की हे उत्तम प्रतीचे नीलम आहेत, आणि हूवर यांना ३,७५० डॉलरचा चेक गेला. योगो नीलम म्हणून ते खडे आज प्रसिद्ध आहेत. सप्टेंबरचा बर्थस्टोन नीलम, आणि कुंझ यांचा जन्मही सप्टेंबरचा! पण त्यांनी हूवर यांना चेक पाठवला तो स्वतःचा महिना बघून नव्हे, खडा तपासून.

बुडबुड्यांची साक्ष

१८८६ च्या आसपास बाजारात एक नवी भानगड उभी राहिली. युरोपातून आलेली काही माणकं रंगाला झकास होती, पण जाणकारांना त्यांच्याबद्दल शंका येत होती. जिनिव्हाची माणकं असं त्यांना नाव पडलं. कुंझ यांनी ती तपासली. काठिण्य जवळपास खऱ्या माणकाइतकं. घनताही जवळपास तितकीच. नेहमीच्या दोन्ही परीक्षांत खडा पास! मग त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत गोल गोल बुडबुडे दिसले. जमिनीत सावकाश वाढलेल्या माणकात खनिजांच्या बारीक सुया असतात, सरळ कोनात वळणाऱ्या रेषा असतात. गोल बुडबुडा म्हणजे वितळलेल्या रसात अडकलेला वायू. अर्थात हा खडा भट्टीतून आला होता. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून हे जाहीर केलं.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तो खडा काच नव्हता. रासायनिकदृष्ट्या तो ॲल्युमिनियम ऑक्साइडच होता, माणकासारखाच. फरक होता तो जन्माचा. पुढे १९०२ मध्ये फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हर्न्यूईने ज्वालेत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली आणि कृत्रिम माणिक कारखान्यात निघू लागलं. घड्याळातले ज्वेल्स त्यातूनच आले. अशा खड्याला खोटा म्हणणं बरोबर नाही, पण नैसर्गिक म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक. खडा कशाचा आहे, तो जमिनीतला की भट्टीतला, आणि त्याच्यावर नंतर काय प्रक्रिया झाली, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात.

कॅरट म्हणजे किती?

वाचायला सोपा, पण त्या काळी अवघड प्रश्न. एका शहरात कॅरट १९७ मिलिग्रॅमच्या आसपास, तर दुसऱ्यात २०५ च्या पुढे. एका गावात घेतलेला खडा दुसऱ्या गावात जाता जाता वजनाने कमी किंवा जास्त व्हायचा! एक कॅरट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम धरावा यासाठी कुंझ यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९०७ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने हा मेट्रिक कॅरट मान्य केला आणि १ जुलै १९१३ पासून अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तो वापरायला घेतला. एसआय युनिटं चुकली म्हणून ज्यांचे मार्क कापले गेलेत त्यांना या कामाचं मोल कळेल.

आणि हसू नका. आपल्या बाजारात राशीचे खडे अजून रतीवर विकले जातात. जुनी सोनारी रती १२१.५ मिलिग्रॅमची. रत्नांच्या दुकानात बहुतेक ठिकाणी चालते ती ०.९१ कॅरटची, म्हणजे १८२ मिलिग्रॅमची. म्हणजे सव्वापाच रतीचा खडा एका हिशेबाने ३.१९ कॅरट आणि दुसऱ्या हिशेबाने ४.७८ कॅरट. शब्द तोच, वजनात दीडपट फरक! म्हणून बिलावर कॅरट किंवा ग्रॅम लिहून मागायचे.

नाव लागलं, तेही दगडाला

१९०२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाला इथे गुलाबी-जांभळे स्फटिक निघाले आणि नमुने कुंझ यांच्याकडे आले. त्यांनी ते स्पॉड्युमीन म्हणून ओळखले. हे लिथियमचं खनिज, आज ज्याच्यामागे बॅटरीवाले धावतायत तेच. पण रत्नाच्या तोडीचा असा रंग आधी कोणी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी चार्ल्स बास्करव्हिल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला कुंझाइट नाव दिलं. कुंझ यांनी १९१० मध्ये मादागास्करच्या गुलाबी बेरिलला मॉर्गन यांच्या नावावरून मॉर्गनाइट म्हटलं. पाचू आणि ॲक्वामरीन ही बेरिलचीच भावंडं.

कुंझाइट दिसायला फार सुंदर, पण दोन दिशांना सहज दुभंगतो आणि जास्त उन्हात त्याचा रंग उडतो. रोजच्या अंगठीत त्याचं काही खरं नाही. संध्याकाळी घालायच्या पेंडंटमध्ये तो शोभतो. ज्या माणसाचं नाव त्या खड्याला आहे, त्याच्याच पद्धतीने हे सांगावं लागतं.

बारा महिने, बारा खडे

आता मूळ मुद्द्यावर येतो. बर्थस्टोनची यादी आली कुठून? आपल्याला वाटतं, पूर्वापार चालत आलेली असणार. कुंझ यांनी १९१३ च्या आपल्या रत्नांच्या दंतकथांवरच्या जाडजूड ग्रंथात याचा माग काढला आहे. ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूच्या छातीवरच्या पदकात बारा रत्नं होती. त्या बारांचा संबंध पुढे बारा महिन्यांशी लावला गेला. पण आपल्या जन्ममहिन्याचा एकच खडा अंगावर बाळगायचा, ही चाल त्यांच्या मते अठराव्या शतकात पोलंडमध्ये सुरू झाली. म्हणजे फार तर तीनशे वर्षांची. त्याच पुस्तकात आपली नवरत्नंही आहेत. कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांच्या मणिमाला ग्रंथाचा त्यांनी आधार घेतला आहे. आपल्याकडे हिशेब नऊ ग्रहांचा, तिकडे बारा महिन्यांचा. दोन्ही याद्या एकत्र ठेवल्या की एकाच माणसाला दोन वेगवेगळे खडे लागू पडतात.

ऑगस्ट १९१२ मध्ये कॅन्सस सिटीत अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांची सभा भरली आणि एक ठाकठीक यादी पक्की झाली. जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला जांभळा ॲमेथिस्ट, मार्चला ब्लडस्टोन किंवा ॲक्वामरीन, एप्रिलला हिरा, मेला पाचू, जूनला मोती किंवा मूनस्टोन, जुलैला माणिक, ऑगस्टला सार्डोनिक्स किंवा पेरिडॉट, सप्टेंबरला नीलम, ऑक्टोबरला ओपल किंवा टुरमलीन, नोव्हेंबरला टोपाझ, डिसेंबरला पिरोजा किंवा लाजवर्द.

कुंझ यांना हे रुचलं नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीने खडे बदलायला सुरुवात केली, तर लोकांची त्यातली भावनाच उडून जाईल आणि भावना गेली की या खड्यांत उरतं काय, असा त्यांचा मुद्दा होता. गंमत म्हणजे ते स्वतः एका बड्या दुकानाचे उपाध्यक्ष, आणि त्याच दुकानाची जन्मरत्नांवरची पुस्तिकाही त्यांनीच लिहिलेली! म्हणजे तेही विक्रीच्या बाजूचेच. तरीसुद्धा आपल्याच धंदेवाल्यांना त्यांनी छापील पुस्तकातून सुनावलं, हे मला मोठं वाटतं.

पुढे झालं त्यांना वाटलं तसंच. १९५२ मध्ये यादीत जूनला अलेक्झांड्राइट, नोव्हेंबरला सिट्रीन आणि डिसेंबरला झिरकॉन आले. २००२ मध्ये डिसेंबरला टांझानाइट आला, जो टांझानियात सापडलाच मुळी १९६७ मध्ये. २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल आला. यादी सिलॅबससारखी रिव्हाइज होत राहिली.

अपशकुनी म्हणून बदनाम झालेल्या ओपलचीही त्यांनी बाजू घेतली. सर वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीचं लोकांनी घाईघाईत केलेलं वाचन या बदनामीच्या मुळाशी आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यांची पहिली पत्नी १९१२ मध्ये वारली. १९२३ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि त्या बाईंचं नाव होतं ओपल! या ओपल कुंझ पुढे वैमानिक झाल्या आणि १९२९ च्या अमेरिकेतल्या महिलांच्या विमानशर्यतीत उतरल्या. ते लग्न टिकलं नाही, पण त्याचा दोष कुणी खड्याला दिल्याचं मी वाचलेलं नाही.

आमच्या मजल्यावरचा पुष्कराज

हे सगळं वाचून झालं होतं, तेवढ्यात माझ्या रूममेटच्या अंगठीतला पुष्कराज सैल होऊन निघाला. कॅम्पसच्या आधी त्याच्या आईने भिशीचे पैसे मोडून तो घेऊन दिला होता, सव्वापाच रतीचा. खडा सुटाच आहे तर मोजून बघू, असं आम्ही ठरवलं. सरांची परवानगी काढून लॅबमधल्या मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवला. हवेत वजन ०.९५८ ग्रॅम. मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून मोजला. खड्याला बुडबुडे चिकटू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला होता. पाण्यात वजन ०.३६१ ग्रॅमने घटलं. भागाकार केला: २.६५.

आर्किमिडीज कुणाच्या भिडेला पडत नाही. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कोरंडम. त्याची घनता ४ च्या आसपास असते, म्हणजे घट ०.२४ ग्रॅम यायला हवी होती. शब्दकोशात टोपाझलाही पुष्कराज म्हणतात, पण टोपाझची घनता साडेतीनच्या आसपास. २.६५ हा क्वार्ट्झचा आकडा. काच तर नव्हे ना, म्हणून फिजिक्स लॅबमधले दोन पोलरॉइड काटकोनात आडवे धरून मध्ये खडा फिरवला. एका फेरीत तो चार वेळा उजळला आणि चार वेळा काळा झाला. काच अशी उजळत-विझत नाही. म्हणजे पिवळा क्वार्ट्झ, सिट्रीन, बाजारात ज्याला सुनेला म्हणतात तो. तो जमिनीतला की कारखान्यातला, हे आमच्या काट्याने ठरणार नव्हतं. जिनिव्हाच्या माणकांनी तेवढं शिकवलं होतं.

रूममेट बिल घेऊन दुकानात गेला. बिलावर लिहिलं होतं: पिवळा खडा, सव्वापाच रती. बस्स! खडा पिवळाही होता आणि ०.९१ च्या हिशेबाने सव्वापाच रतीही भरत होता. बोलायला जागाच नव्हती. भिशीचे पैसे गेले ते गेले.

आमच्या मजल्यावर यावर रात्रभर वाद झाला. एक गट म्हणत होता, आईला सांगू नये, तिचा विश्वास मोडेल. दुसरा गट म्हणत होता, नाही सांगितलं तर उद्या बहिणीसाठीही ती तिथूनच घेईल. रविवारी त्याने फोनवर सांगून टाकलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, खडा फुटला तर नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग बसवून घे नि घाल. त्याने खडा पुन्हा बसवला. तो जन्मलाय नोव्हेंबरात आणि १९५२ च्या सुधारित यादीप्रमाणे सिट्रीन हा नोव्हेंबरचा बर्थस्टोन! गुरूचा नसला तरी महिन्याचा निघाला, असं म्हणून आम्ही हसलो. पण बहिणीसाठी खडा घ्यायची वेळ आली तेव्हा आईने दुकानदाराकडे प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणि कॅरटमधलं वजन मागितलं. मला वाटतं, कुंझसाहेबांना ही माउली पटली असती.

खडा घेताना

वाचकांपैकी कुणाला खडा घ्यायचाच असेल, तर त्यांच्या पद्धतीने चार गोष्टी सांगतो.

पहिली, ओळख. बिलावर खनिजाचं नाव, कॅरटमधलं वजन आणि नैसर्गिक की कृत्रिम हे स्पष्ट लिहून घ्या. महाग खडा असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या. मुंबई आणि जयपूरला अशा प्रयोगशाळा आहेत.

दुसरी, प्रक्रिया. बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग सुधारलेले असतात, पाचूच्या भेगांत तेल भरतात, स्वस्त माणकांत शिसेयुक्त काच भरतात, बाजारातले निळे टोपाझ बहुतांशी किरणोत्सर्गाने निळे केलेले असतात. यात सांगून विकण्यात काही गैर नाही. पण तापवलेला नीलम टिकाऊ असतो, आणि काच भरलेलं माणिक सोनाराच्या ज्योतीने किंवा ॲसिडने खराब होतं. किंमतही त्याप्रमाणेच हवी.

तिसरी, वापर. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, काठिण्य ७. त्याहून मऊ खडा रोजच्या अंगठीत निस्तेज होणारच. मोती ३ च्या आसपास, पिरोजा आणि ओपल साधारण ६. हे कानात किंवा गळ्यात बरे. हिरा १०, माणिक-नीलम ९, हे अंगठीत बिनधास्त. टोपाझ ८ असला तरी एका दिशेने सरळ दुभंगतो, म्हणून वर्कशॉपला जाताना काढून ठेवा. ॲक्वामरीन, गार्नेट, ॲमेथिस्ट आपल्या बजेटमध्ये बसतात आणि टिकतातही.

चौथी, अर्थ. तो सगळ्यात शेवटी. जूनच्या मुलीला मोती द्यायचा की मूनस्टोन की तिला आवडणारा हिरवा टुरमलीन, हे देणारा आणि घेणारी ठरवतील. तिथे काटा चालत नाही आणि चालवूही नये.

एका डॉलरची लायब्ररी

२९ जून १९३२ रोजी कुंझ वारले. रत्नांवरची दुर्मीळ पुस्तकं त्यांनी आयुष्यभर जमवली होती, त्यात कित्येक शतकांपूर्वीची पोथ्यापुस्तकंही होती. पुढच्या वर्षी तो सगळा संग्रह अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडे गेला, फक्त एका डॉलरला. या खात्यासाठी ते १८८३ ते १९०९ विशेष प्रतिनिधी म्हणून काम करत होते. कोट्यवधींची रत्नं ज्याच्या हातून गेली, त्याची पुस्तकं एका डॉलरला गेली आणि आज ती कुणालाही अभ्यासता येतात.

दगडाबद्दल माणसं काय मानतात हे त्यांनी मन लावून लिहून ठेवलं आणि दगड काय आहे हे मोजून ठेवलं. या दोन वह्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आपल्याकडे काटा आहे, पोलरॉइड आहे, मायक्रोस्कोप आहे, सगळं लॅबमध्ये धूळ खात पडलंय. पुढच्या वेळी कुणाच्या घरून खड्यासाठी पैसे जाणार असतील, तर आधी आम्हाला सांगा. सुटा खडा आणा, मोजून देऊ. चहा मात्र तुमचा!

— टी.ई. सिव्हिल